पाच पायांचा हत्ती

सुट्टी लागायच्या आधी पोरं घरच्यांसाठी भेटवस्तू बनवत आणि शाळा सुटून ती घरी गेली, की बालवर्गाच्या बाई त्या वस्तू गुपचूप कापूनकुपून नीटनेटक्या करत. वीस वर्षं हेच चाललं होतं. यंदा मात्र बाई अडून बसल्या.

शाळेच्या मोठ्या बाईंनी एका पोरीनं बनवलेला पुठ्ठ्याचा हत्ती उचलून नाक मुरडलं. "पाच पाय? पालक हसतील आपल्याला. एक कापून टाका."

"चारांवर तो कोलमडत होता, म्हणून पोरीनं स्वतःचं डोकं चालवून पाचवा चिकटवलाय." बाईंनी कात्री त्यांच्यापुढे आपटली. "कापायचाच असेल तर तुम्ही कापा. पण उद्या, तिच्या देखत!"

मोठ्या बाईंनी हत्ती टेबलावर ठेवला. पाचही पायांवर तो ताठ उभा राहिला.