प्लेटा उन्हात, अक्का सावलीत

व्होल्टआप्पांना कोणी प्रकृती विचारली, तर ते बॅटरीची सांगत. "कसं काय आप्पा?" म्हटले की उत्तर येई, "बारा पॉइंट सहा." ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की मीटर बारा दशांश सात दाखवतो; बाराच्या खाली उतरली की तिला त्रास देऊ नये. आमच्या बोरी गावच्या लोकांनी हाच नियम आप्पांनाही लावला होता. आकडा ऐकून पुढे बोलायचे की वाटेला लागायचे, ते ठरे.

आप्पांची उभी नोकरी पूर्णा जंक्शनला गेली. रेल्वेच्या डब्यांतले दिवे, पंखे आणि डब्यांखालच्या बॅटऱ्या सांभाळणे हे त्यांचे काम. "तीस वर्षं पंखे मी चालू केले सर, अन् वारा घेत दुसरेच गेले," असे ते मला, शेजारच्या शिक्षकाला, म्हणत. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी सेलूहून शाळेची मोडीत निघालेली मिनीबस आणली. बाके काढून पलंग बसवला, टपावर सोलरच्या चार प्लेटा, पलंगाखाली दोन बॅटऱ्या, आत एक पंखा आणि दोन दिवे. बेत असा की अक्कांना, म्हणजे आपल्या पत्नीला, घेऊन आधी कर्नाटकातल्या कुडलसंगमला बसवेश्वरांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि मग रस्ता नेईल तिकडे जायचे. एकट्याने जाण्याचा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नाही.

अडचण अक्कांचीच होती. "डब्यात लोणचं राहतंय, माणूस न्हाई," एवढे बोलून त्यांनी विषय मिटवला होता. परिणामी आप्पा दीड वर्ष स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच घरापासून दहा पावलांवर, गाडीत राहिले. जेवायला घरात जात, सूनबाईने वाढलेले जेवून हात धुऊन परत येत. शेजारी या नात्याने मी कारण विचारले. "सराव करायलोय," ते म्हणाले.

त्यांची शिस्त मात्र कोणत्याही शाळेने घ्यावी अशी होती. पहाटे स्नान, लिंगपूजा, कपाळावर भस्म. आणि लगेच ओले फडके घेऊन शिडीवरून टपावर. अक्कांचे निरीक्षण असे की देवाची पूजा दहा मिनिटांत आटोपते आणि प्लेटांची पाऊण तास चालते. आप्पांचे उत्तर तयार असे. "भस्म कपाळावर शोभतंय, काचंवर न्हाई. अन् देव काय, धूळ बसली म्हणून पंखा बंद करत न्हाई."

परभणीचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना पुढचा पेच समजावून सांगावा लागणार नाही. माणसाला सावली हवी, प्लेटांना ऊन. डहाळीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळी प्लेट रुसते. म्हणून आप्पांनी गाडी भर उन्हात लावली आणि तापलेल्या पत्र्याखाली पंखा लावून बसले. मी शाळेतला तापमापक आणून मोजले: दारच्या कडुलिंबाखाली बेचाळीस अंश, गाडीत एकोणपन्नास. अक्का लिंबाखाली शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सावलीत बसले असते तर पंखाच लागला नसता."

आप्पा चिडले आणि लिंबाच्या फांद्या छाटायला कोयता घेऊन आले. फांद्यांची सावली पडते म्हणून दुपारनंतर बॅटरीचा भरणा कमी होतो, हे त्यांचे गणित होते. अक्का उठल्या. "कोयता खाली ठेवा. प्लेटा उन्हात ठेवा अन् माणसं सावलीत. मधी वायर कशाला असती मग?"

तीस वर्षे वायरी जोडलेल्या त्या माणसाने कोयता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लेटा टपावरून उतरवल्या, लोखंडी घोड्यावर, म्हणजे उचलून हलवता येणाऱ्या चौकटीवर, बसवल्या आणि लांब वायर टाकली. मग जरा चाचरत विचारले, "आता?"

"चार दिवस येते," अक्का म्हणाल्या. "न्हाई करमलं तर गाडी इकायची. पुना नाव काढायचं न्हाई." माझ्याकडे वळून त्यांनी बजावले, "सर, पाचव्या दिवशी फटफटी घेऊन मला न्यायला या."

दोघे गाडी घेऊन येलदरीच्या धरणावर गेले. ठरल्या दिवशी सकाळी मी तिथे पोहोचलो. धरणाच्या पाण्यापासून थोडे दूर, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या आंब्याखाली गाडी उभी होती. आप्पा तिथे नव्हते. ते पन्नास पावलांवर, डोक्याला पंचा गुंडाळून, प्लेटांशेजारी उन्हात दगडावर बसले होते. सूर्य सरकला की घोडा सरकवावा लागे. दर तासाला ते तेच करत होते. ज्या पंख्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा वारा त्यांना चार दिवसांत फारसा लागला नसावा.

"सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिनं पिशवी भरली का बघा की. मला इचारवंना गेलंय."

मी आत गेलो. अक्का पंख्याखाली भाजी निवडत होत्या. पिशवी रिकामी होऊन खिळ्याला लटकत होती. तिच्यातली लुगडी फळीवर लागली होती. आप्पांचा मीटर एका बाजूला सारून तिथे त्यांनी तिखटमिठाचे डबे मांडले होते.

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "घरातल्या कपाटाची हाय. सूनबाईला द्या. आमी कुडलसंगम करून पुढं जाणार."

"आप्पांना सांगितलंत?"

"न्हाई. तुमी बी सांगू नका. मी घरी जाणार जाणार म्हणल्यापासून लय नीट वागायलेत."

शिक्षकाने खोटे बोलू नये, हे मी जन्मभर शिकवले. बाहेर येऊन मी आप्पांना सांगितले, "पिशवी अजून भरलेली नाही."

आप्पांनी मान हलवली, पंच्याने तोंड पुसले आणि त्याच पंच्याने पहिली प्लेट पुसायला घेतली.