आधी हाक, मग कडी

आज सकाळी शेजारच्या सविताला वाटीभर हुरडा द्यायला गेले आणि दाराची कडी जोरात वाजवली. तिचा नवरा फौजेत, सीमेवर. दार उघडलं तर पोरीचा चेहरा पांढराफटक! "काकू, तुम्ही होय!" म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

मंडळी, मला एकाहत्तर सालची माझी आई दिसली.

लढाई चालू होती, वडील आघाडीवर. काष्टीजवळच्या आमच्या रानात आई लाकडी मचाणाच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकायची. लांबून पोस्टमन शंकरतात्यांची सायकल दिसली की तिचा हात थांबायचा. पत्र असेल की तार? तार म्हणजे वाईटच बातमी. तोवर पाखरं खुशाल कणसं खायची.

तात्यांनी एकदा ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते वळणावरच उतरायचे आणि निळं पत्र उंच धरून ओरडायचे, "वैनी, दादांचं पत्र हाय!" पत्र नसलं तरी वाट वाकडी करून यायचे आणि दोन्ही रिकामे हात वर करायचे. "आज काय बी न्हाई, वैनी! तार बी न्हाई!"

मग आईची गोफण फिरायची. तेव्हा कुठं मला भूक लागायची.

वडील सुखरूप परतले. तात्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

आज संध्याकाळी सविताकडे पुन्हा गेले, पण फाटकापासूनच ओरडत. "सविता, मीच गं! वाटी न्यायला आलेय!" आतून तिचं हसू ऐकू आलं.

तुमच्या शेजारी फौजीचं घर आहे का? त्या दाराशी तुम्ही कसे जाता?