साळव्यांची अठरा पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला साळवे फार आवडायचे.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात आम्ही दोघे पदार्थविज्ञान शिकवायचो. मी सीनिअर. साळवे सोनईचे, बोलणं गावाकडचं. या विषयावर बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय होतं तरी कोण?

त्यांनी एक गणित मांडलं होतं. चुंबकाच्या तुकड्यात अतिसूक्ष्म चुंबक असतात — एका भागात सगळे वर तोंड करून, दुसऱ्यात खाली. मधे सीमा. सगळी उष्णता काढून घेतली की ही सीमा निश्चल होणार, असं मी धरून चाललो होतो. साळवे म्हणायचे, नाही — तरीही ती थरथरतच राहते. पुंजवादाचे, म्हणजे क्वांटमचे, नियम तिला स्वस्थ बसू देत नाहीत. अठरा पानं झाली होती. स्टाफरूममध्ये ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, चूक असंल तर सांगा. तुमी बरोबर म्हनला, तरच पुन्याला युनिवर्सिटीत पाठवतो."

आठवडाभर वाचली. सातव्या पानापुढे मला — कसं सांगू? — काहीच कळलं नाही. बारा वर्षं शिकवत होतो मी! "साळवे, जरा समजावून सांगा," एवढं म्हणायला काय झालं असतं? मी त्या पानावर लाल पेन्सिलीनं फुली मारली. म्हणालो, "इथं चुकलंय. पुढचं सगळं कोसळतं."

"कुठं, सर?"

"नीट बघा. सापडेल."

ते महिनाभर शोधत होते. नसलेली चूक कशी सापडणार? पानं पुण्याला गेली नाहीत. वर्षाअखेर साळवे राजूरच्या शाळेत मास्तर झाले. स्टाफरूममध्ये मग मी एकटाच डबा खायचो.

पुढे लायब्ररीत एक परदेशी अंक आला. तोच प्रश्न, जवळपास त्याच पायऱ्या, तेच उत्तर — नाव भलत्याचंच. राजूरला एक पोस्टकार्ड टाकायचं होतं फक्त. टाकलं का? नाही.

नंतर एकदाच भेटले, राजूरजवळच्या अकोल्याच्या स्टँडवर. केस पिकले होते. वाकून नमस्कार केला. म्हणाले, "बरं झालं सर, तुमी येळेवर सांगितलंत. न्हाई तर पुन्यात माझं हसं झालं असतं."

मी म्हणालो, "असू दे, साळवे."

माझी गाडी लागली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली.

साळवे आता नाहीत. त्यांचं गणित बरोबर होतं.