सातविणीच्या तळ्यावरचं गाऱ्हाणं

लवू घाडी गिरणीत कामाला होता तोवर चाळीतल्या लोकांना तो धड माहीतच नव्हता. रात्रपाळी करून यायचा, तोंडावर चादर ओढून झोपायचा. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मुलुंडच्या डोंगराखालच्या त्या बैठ्या चाळीला लवू घाडी नावाचा माणूस सापडला. कुणाचं कौल सरकलं, कुणाच्या पोहऱ्याची दोरी तुटली, की हाक लवूला. माणूस लाखातला, पण एक खूळ होतं डोक्यात.

त्याच्या कोकणातल्या गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. सगळा गाव जमतो, देवापुढे नारळ ठेवतात, घाडी हात जोडून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" लवूच्या बापाचा आवाज तर नदीपलीकडे ऐकू जायचा म्हणे. बाप गेल्यावर मान मिळाला थोरल्या भावाला, धाकूला. लवूच्या वाट्याला आली गिरणी. पण गाऱ्हाणं त्याला अक्षरन् अक्षर पाठ. मोरीत डोक्यावर पाणी घेताना तो ते घालायचा, आणि बाहेर भाकऱ्या थापता थापता त्याची बायको सुगंधा "व्हय म्हाराजा" म्हणायची. बिचारी न चुकता म्हणायची.

चाळीसमोर सातविणीचं तळं, काठावरच्या सातविणीच्या झाडावरून नाव पडलेलं, आणि तळ्याच्या काठाला चाळीची विहीर. पालिकेच्या नळाला पाणी आलं तर आलं, प्यायचं पाणी खरं विहिरीचंच. तळ्यातलं पाणी झिरपून विहिरीत येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून पलीकडच्या काठावर चार मजली बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्या पोटातून एक जाडजूड पाईप थेट तळ्याच्या तोंडाशी आला, तेव्हा चाळीनं हिशोब मांडला. दिवाळीला लोक राहायला येणार. म्हणजे त्यांच्या संडास-मोऱ्यांचं पाणी तळ्यात, तळ्यातलं विहिरीत आणि विहिरीतलं आपल्या घशात!

"वाट लागली म्हणायची विहिरीची," शेजारची शकु म्हणाली. शकु सातारकडची. मिलिंदनगरात बुद्धविहार बांधला तेव्हा विटा वाहणाऱ्या बायकांत ती सगळ्यात पुढे होती. तिला भीड म्हणून कुणाची नव्हती.

त्याच सुमाराला पालिकेनं तळ्यासाठी नवे नियम आणले. काठापासून ठरलेल्या अंतरात बांधकाम नको, तळ्यात कपडे-म्हशी धुणं नको, सांडपाणी सोडणं तर अजिबात नको. एका संध्याकाळी भोंगा लावलेली जीप चाळीसमोरून गेली. "रविवारी सकाळी साहेब तलावाकाठी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकणार आहेत हो! सर्वांनी हजर राहावे!"

लवू उंबऱ्यात बसला होता. तो ताडकन उठला.

"ऐकलंस गे? साहेब गाऱ्हाणा ऐकूक येतंत! तळ्यासाठी!"

आता तुम्ही हसाल. पण सबंध जन्मात ज्याला एकदाही बोलावणं आलं नाही, त्याला ते आलं असं वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? सुगंधाही खुळी, तिलाही खरंच वाटलं. तिनं धोतर नीळ घालून धुतलं, बाजारातून चांगला शेंडीचा नारळ आणला, विड्याची पानं आणली. लवूनं तर शनिवारभर घसा बसू नये म्हणून कुणाशी बोलणंच सोडलं.

रविवारी सातविणीच्या झाडाखाली टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये पालिकेचे श्यामकांत साहेब, समोर तळ्याचा निळा नकाशा पसरलेला. शेजारी बिल्डरचा मॅनेजर विद्याधर सावंत. तिशीचा पोरगा, सफारी घातलेला, बोलणं अगदी शुद्ध आणि वर इंग्रजीची फोडणी. पाईपाचं काम त्याच्याच हातातलं. तो साहेबांना म्हणत होता, "ही तात्पुरती अॅरेंजमेंट आहे सर, पुढे बघू." पुढे म्हणजे कधी, ते काही सांगत नव्हता.

लवू गर्दीतून पुढे आला. टोपी नीट केली आणि नारळ नेऊन ठेवला थेट नकाशावर, तळ्याच्या मधोमध.

"हे काय?" साहेब दचकले.

"गाऱ्हाणा घालूक इलंय, साहेब. तुमीच बोलावलात."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग काय, सगळा काठ हसायला लागला. शकु कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो घाडीमामा, गाऱ्हाणं म्हंजी कंप्लेंट! गटाराची, मच्छराची कंप्लेंट ऐकायला आलेत ते!"

लवूचे कान लालबुंद झाले. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं त्याला. गावात मान नव्हता, इथे तर अब्रूच गेली. त्यानं मान खाली घालून नारळाला हात घातला.

"थांबा!" सुगंधा गर्दीतून ओरडली. उभ्या जन्मात ती चारचौघांत बोलली नव्हती. "ठेवलेलो नारळ असो उचलूचो नाय!"

खरंच होतं ते. ठेवला नारळ गाऱ्हाणं घातल्याशिवाय उचलत नाहीत. साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा नारळाकडे. ते हसले नाहीत, हे मात्र त्यांचं मानलं पाहिजे. "बरं, घाला बुवा," ते म्हणाले. "तक्रार कशीही केली तरी तक्रारच."

लवूनं हात जोडले. पहिला शब्द पुटपुटल्यासारखाच निघाला. दुसऱ्याला मात्र बापाचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तळ्याच्या काठार तुझी लेकरां जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" चाळीतल्या कोकण्यांनी सूर धरला.

"त्येंनी ह्याच पाण्यात कपडे धुतल्यानी, म्हशी न्हाणल्यानी, साबणाचो फेस केल्यानी..."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुगंधानं नवऱ्याकडे असे डोळे वटारले की दुसरा असता तर पळाला असता. पण लवू हात जोडून उभाच. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. शेवटी सुगंधाच पुटपुटली, "व्हय म्हाराजा," आणि मग बाकीच्याही म्हणाल्या.

"ता आजपासून बंद होव दे!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाप्ये जोरात ओरडले. त्यांचं काय जात होतं?

"आणि ह्यो जो पाईप तळ्यात सोडलेलो आसा, तो ज्याच्या हातात आसा, त्येका तू बुद्धी दी, आणि तो पाईप फिरवून मोठ्या गटाराक जोडून घी!"

"व्हय म्हाराजा!"

हा होकार सगळ्यात खणखणीत होता आणि तो आला टेबलामागून. विद्याधर सावंत हात जोडून, डोळे मिटून उभा होता. लहानपणापासून आजोबांचं बोट धरून कोकणातल्या देवळात म्हटलेलं, ते ओठावर कधी आलं त्यालाच कळलं नाही. डोळे उघडले तर सगळा काठ त्याच्याकडे बघतोय.

"ऐकलंत न्हवं साहेब?" शकु म्हणाली.

सवयीनं बोललो, असं तो म्हणू शकला असता. तो तसं म्हणतो का, हे बघायला साहेबही थांबले होते. विद्याधर नारळाकडे बघत राहिला.

"फिरवतो पाईप," तो हळूच म्हणाला. "नारळासमोर बोललोय मी."

आणि फिरवला त्यानं. दिवाळीआधी खणून, मोठ्या गटाराला जोडून दिला. विहीर वाचली. बायका कुरकुरत नळावर कपडे धुवायला लागल्या, आणि लवूला चाळीत पोरंबाळंसुद्धा 'म्हाराज' म्हणून चिडवायला लागली. लवूची स्वारी खूश.

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी विद्याधर चाळीत आला. सफारी नव्हती, साधा शर्ट होता. हातात नारळ.

"काका, शेठन कामावरसून काढल्यान माका," तो म्हणाला. "गाऱ्हाणा घालशात?"

लवूला उमगलं. आपण मागितलं, देवानं दिलं, आणि भरलं ते या पोरानं. त्यानं नारळ घेतला, विहिरीच्या काठावर ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आमच्या पाण्यासाठी आपली भाकरी घालवल्यान..."

आणि तो होकारासाठी थांबला. सुगंधा पदर डोळ्याला लावून उभी, तिच्या तोंडून होकार निघेना. विहिरीवर पाणी ओढत असलेल्या शकुनं दोरी थांबवली. ती देवाला कधी हात जोडत नसे, आणि आत्ताही तिनं जोडले नाहीत. ती विद्याधरकडे बघून म्हणाली, "होय. घालवली यानं."

मग पोहरा वर ओढून तिनं त्याला ओंजळ पुढे करायला सांगितली आणि वरून पाणी ओतलं. तो पोटभर प्यायला.