वादी खाली बसली आहे

कुबड्या काखेत दाबून, जिन्यावर पाठमोरी बसून मी एकेक पायरी वर सरकत होते. पहिलीच तारीख, कोर्टाचा उभा जिना. सहाव्या-सातव्या पायरीवर पट्टेवाला वरून ओरडला, "ए बाई, भीक मागायला वर यायचं नाही!"

मी नवी साडी नेसले होते. मांडीवर केसची फाईल होती. तरी भिकारीण.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ धावत आला. "ओ, बहीन आहे ती माझी!" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि मला पाठुंगळीला घेऊन वर गेला. जिन्यावरची एक बाई हळहळली, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो."

केस त्याच्यावरच होती. मी वादी, तो प्रतिवादी.

मला लहानपणी पोलिओ झाला. लग्न झालं नाही. बाप गेल्यावर चांदीप गावच्या शेतावर भावाने एकट्याचं नाव चढवलं. कोर्टात त्याने लिहून दिलंय की मी हिला आयुष्यभर सांभाळायचं आणि हिने हिस्सा सोडायचा, असं घरात ठरलं होतं. कधी ठरलं? मला कुणी विचारलं? मी घर सोडलं. गोखिवऱ्यात खोली घेतली, तिथल्याच एका कारखान्यात बसून खोके भरते. संध्याकाळी दार लावलं की बोलायला कुणी नसतं. आईसुद्धा माझा फोन उचलत नाही. भावावर केस टाकणारी मुलगी तिला नको.

कोर्टाला लिफ्ट आहे. तिच्यात जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेत. म्हणून दर तारखेला भाऊ गेटवर उभा आणि मी त्याच्या पाठीवर. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला रडू आलं होतं. वाटलं, ह्याला अजून माया आहे. काय मूर्ख मी!

मग एका तारखेला त्याचा वकील म्हणाला, "साहेब, भाऊ सांभाळतो की नाही ते समोरच बघा. आत्तासुद्धा बाईंना पाठीवर घेऊन आलाय." जज्जसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसले. गोड हसले. भावाने गुणी मुलासारखी मान खाली घातली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे दर तारखेला मी त्याच्याच बाजूने साक्ष देत होते. तोंड न उघडता.

पुढच्या तारखेला माझी साक्ष होती. भाऊ जिन्याशी वाकून उभा राहिला.

"बस."

"नाही."

"तमाशा नको करू. कोन नेनार तुला वर?"

"कुणी नाही."

तो एकटाच वर गेला. मी पहिल्या पायरीवर बसले. सरकत वर जाऊन परत भिकारीण ठरायचं नव्हतं मला. लोक मला ओलांडून जात होते. वकिलांचे काळे कोट तोंडाला घासत होते.

कोर्टाच्या दारात येऊन तीनदा नाव पुकारतात. उत्तर आलं नाही की गैरहजर. वरून माझं नाव आलं. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "हजर! खाली आहे मी!" शेजारची दोन माणसं दचकली. वर काहीच नाही. दुसऱ्यांदा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडताना आवाज फाटला. पुकारणारा तोच पट्टेवाला. कठड्यावरून त्याने मला बघितलं. नीट बघितलं. आणि आत गेला.

थोड्या वेळाने माझे वकील खाली आले. "ताई, गैरहजर लागलात. हातापाया पडून शेवटची तारीख घेतलीय. तेव्हा नाही आलात तर साक्ष बंद, केस गेली समजा. पाच मिनिटं भावाच्या पाठीवर बसलात तर काय जातं तुमचं?"

माझ्या बाजूचा एकच माणूस. तोही असं बोलला. इतकं एकटं मला खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला. फाईलवर ठेवून लिहिलं. मी वादी. मी हजर होते, तळमजल्यावर. लिफ्ट मोकळी करा, नाहीतर माझी साक्ष खाली येऊन घ्या.

"असा अर्ज कुणी देत नाही हो."

"मी देतेय. वर नेऊन द्या आणि पोच आणा."

पोच माझ्या पर्समध्ये आहे. उत्तर आलेलं नाही. तारीख सोमवारची आहे. जमीन जाईलही. भीती वाटते मला. पण सोमवारी मी सकाळीच जाणार, त्या पायरीवर बसणार आणि कुणालाही मला उचलू देणार नाही. साक्ष माझी आहे. ती लिहून घ्यायची असेल तर साहेबांनी जिना उतरावा.