आईनं बिडी सोडली होती

मेधाताईनं पर्समधून बिडी काढून माझ्या हातात दिली. माईकवर जर्मनमध्ये म्हणाली, "तुमच्याकडे कशी ओढतात, दाखव यांना. पेटवू नकोस, नुसती धर."

लोक हसले. फ्रँकफर्टमधल्या एका हॉटेलचा हॉल. ई-सिगारेट बनवणाऱ्या कंपनीची सभा. मी जन्मात बिडी ओढलेली नाही. तरी धरून उभी राहिले. कुणीतरी फोटो काढला.

मी गडचिरोलीची. गोंड. सार्वजनिक आरोग्य शिकायला इथं आले. राहायला खोली, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, सगळं मेधाताईनं पाहिलं. ती पुण्याची, त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. रविवारी मला जेवायला बोलवायची. "तू माझी धाकटी बहीण," म्हणायची. मला बहीण नाही. मी ते खरं मानलं.

तिच्याच स्वयंपाकघरात मी तिला घरचं सांगितलं. आईबाप तेंदूपत्ता तोडायचे आणि बिडी ओढायचे. बाप खोकून खोकून गेला. मग गावात एक आरोग्यसेविका यायला लागली. गोंडी बोलायची, बायकांना एकत्र बसवायची. ग्रामसभेनं दुकानातली बिडी बंद केली. आईनं सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. ती कायमची. पुढं सरकारनं त्या बाईची बदली केली. जागा अजून रिकामी आहे.

सांगताना मी रडले. ताईनं माझा हात धरला होता. म्हणाली, "हे लोकांसमोर यायला हवं. सभेत येशील?" म्हणून मी आले होते.

आता ती बोलत होती, "आदिवासींना बिडी सुटत नाही. ते त्यांच्या रक्तातच आहे. भारत सरकारनं ई-सिगारेटवर बंदी घालून यांना मरायला सोडलंय."

मागं पडद्यावर माझी आई. मीच ताईला पाठवलेला फोटो. आई अंगणात बसून हसत होती. खाली जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'हिला पर्याय कोण देणार?'

बिडी टेबलावर ठेवली. माईक घेतला. जर्मन अडखळत होतं, तरी बोलले.

"ही माझी आई आहे. हिनं बिडी सोडलीय. तुमच्या यंत्राशिवाय. हे मी ताईला सांगितलं होतं."

ताई हसली. "गेनाऊ, अगदी बरोबर. असे अपवाद असतातच."

"पडद्यावरून तो फोटो काढ," मी मराठीत म्हटलं.

तिनं माईकवर हात ठेवला. "तमाशा करू नकोस. तुझ्यासाठी काय नाही केलं मी?"

"केलंस. त्याच्या बदल्यात आई देणार नाही."

पडदा काळा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

बाहेर येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती गोंडीत म्हणाली, "मी सोडली, एवढंही नाही सांगितलं तिनं?"

ते मला हातात दिलेल्या बिडीपेक्षा जास्त लागलं.

बंदी बरोबर की चूक, यावर खुशाल भांडा. मीही भांडेन. पण सरकारनं बंदी घातली आणि बिडी सोडवणारी बाई नेली. कंपनीनं तीच रिकामी जागा बाजार म्हणून पाहिली. आम्हाला कुणीच विचारलं नाही.

मेधाताईचे फोन येतात. मी घेत नाही.

कोलोनला अशीच सभा आहे, पुन्हा आदिवासींच्या व्यसनावर. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे, आणि पहिल्या रांगेत बसणार आहे.