ताटाआधी यमक

"जोडीदार आण, मंग ताट घे," असं म्हणून अंगणवाडीच्या बाई खिचडीचा डाव पातेल्यावर तसाच धरून ठेवायच्या. समोर चार-पाच वर्षांचं लेकरू. बाई म्हणायच्या, "शेंग." लेकरानं तिच्याशी जुळणारा शब्द आणायचा. "भेंग" म्हटलं तरी चालायचं. भेंग म्हणजे काय, हे बाई विचारत नसत. कान तयार झाला पाहिजे, एवढंच.

तुम्ही म्हणाल, भुकेल्या लेकराला असं अडवायचं? मीही म्हटलं होतं. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून वडीगोद्रीकडच्या त्या गावात माझी फेरी असायची. बाई म्हणाल्या, "मॅडम, उपाशी राह्यलंय का कोणी? उगं जरा दम धराया लावते." उपाशी कोणी राहत नसे, हे खरं. यमक जुळवण्यात त्यांची लेकरं माझ्या भागात पहिली, हेही खरं.

एकट्या गोविंदाला काही केल्या जुळवता येत नव्हतं. "भात" म्हटलं की तो "वरण" म्हणायचा. लेकरं खो-खो हसायची, बाईही हसायच्या. "अरे बाबा, जोडीदार सांग, कालवण न्हाई!"

एके दिवशी बाईंनी लेकरांचीच नावं घेतली. गोविंदाच्या वाट्याला शेजारी बसलेली राणी आली. राणीचा डावा डोळा तिरळा. गोविंदानं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काणी."

"बराबर! शाब्बास रे पठ्ठ्या!" बाईंनी त्याच्या ताटात दोन डाव वाढले. मी समोरच बसले होते. बाईंना तो शब्द ऐकूच आला नव्हता. फक्त त्याचा शेवट ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर तेच. बाईंनी "राणी-पाणी" शिकवून पाहिलं, दटावून पाहिलं. पण लेकरांना एकदा गोड लागलेलं ती सोडत नाहीत, आणि बाईंनी शिकवलंही पक्कं होतं. राणी घरी बसली.

माझ्या पुढच्या फेरीला तिची आई अंगणवाडीत आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, आता पहिलीत नाव घालायचंय. घरचं नको. ज्याला काहीच जुळत न्हाई, असं एखादं नाव तुमीच सांगा."

बाई पुटपुटू लागल्या. "सीमा... न्हाई. मीना... न्हाई." प्रत्येक नावाला त्यांच्याच डोक्यात काहीतरी वाईट जुळत होतं. शेवटी म्हणाल्या, "देवाधर्माचं ठेव गं. आरती. त्याला हसायला लेकरं भितेत."

शाळेच्या पहिल्या दिवशी बाई स्वतः राणीला हाताला धरून घेऊन आल्या. मीही तिथं होते. आम्ही दोघी वर्गाच्या दारात थांबलो. गुरुजींनी नाव विचारलं. राणीनं वर्गावरून नजर फिरवली. अंगणवाडीतली सगळी समोर बसलेली. त्यांच्यातल्या कोणी तोंड उघडायच्या आत ती खणखणीत म्हणाली,

"आरती, एक डोळा वरती!"

वर्ग लोळून हसला. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. मग शाबासकीसाठी तिनं दाराकडं पाहिलं. बाई तोवर पायऱ्या उतरून फाट्याकडं चालू लागल्या होत्या.